लाखोळीच्या दाण्याएवढा

झाडीपट्टीत दिवाळी सरली की नाटकं सुरू होतात. वडशाहून मंडळांच्या गाड्या निघतात. गावात दिवसा शंकरपट, रात्री नाटक, आणि पडदा पडतो तेव्हा पहाट झालेली असते. मग एकेका मोटरसायकलवर तिघं-तिघं बसून माणसं धुक्यातून घरी निघतात. रानडुकरं आणि चितळंही नेमकी त्याच वेळी रस्ता ओलांडतात. चंद्रपूर-गडचिरोलीत हाडांवर उपचार करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, जानेवारीतल्या पहाटेचा फोन त्याच्या ओळखीचा असतो.

अशाच एका पहाटे, पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, तेवीस वर्षांच्या एका मुलाला जीपमध्ये आडवं घालून आणलं. डुक्कर आडवं आलं, गाडी घसरली, गुडघा कशावर तरी जोरात आदळला. उजवा पाय आखूड झालेला, गुडघ्यात वाकलेला, आत वळून डाव्या मांडीवर टेकलेला. असा पाय दिसला की एक्स-रे काढायच्या आधीच कळतं, खुबा मागच्या बाजूला निखळला आहे.

निखळलेला खुबा सहा तासांच्या आत जागेवर बसवावा, असं आम्हाला शिकवलेलं असतं. उशीर झाला तर मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या ताणलेल्याच राहतात आणि पुढे ते डोकं मरत जातं. माझ्याकडे पोचेपर्यंत चार तास गेले होते. मी भूलतज्ज्ञांना झोपेतून उठवलं. उंच टेबलावर जोर लागत नाही म्हणून मुलाला जमिनीवर चादर अंथरून झोपवलं. कंपाउंडरने दोन्ही हातांनी कमरेची हाडं दाबून धरली. मी त्याच्या अंगावर वाकून उभा राहिलो, खुबा आणि गुडघा काटकोनात घेतला आणि सरळ वर ओढत राहिलो. घाम गळायला लागला. मग हाताला एक धक्का बसला, धप्प असा आवाज झाला आणि पाय सुटला. दोन्ही टाचा एका रेषेत आल्या.

त्या क्षणी मला जो आनंद झाला, माझी चूक तिथूनच सुरू झाली. बाहेर त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मी दार उघडून म्हणालो, "बसला, मावशी. सगळं ठीक आहे." एक्स-रे अजून काढायचा होता.

मग तो काढला. फिल्मवर दोन्ही खुबे होते. मी उजव्याकडे पाहिलं. चेंडू वाटीत होता. वाटीच्या मागच्या काठाचा जरासा टवका उडालेला दिसला. एवढ्याला काही होत नाही, भरून येईल, असं मनाशी म्हणालो. डाव्या खुब्याकडे पाहिलंच नाही. पायाची नस तपासली, पंजा वर उचलता येतो का ते पाहिलं, येत होता. तीन आठवडे वजन लावून पाय ताणावर ठेवला आणि मुलाला घरी पाठवलं. सीटी स्कॅन केला नाही. स्कॅनचं मशीन शहरातच होतं. त्याच्या काकांनी विचारलंही होतं, "आणखी काही तपासणी करा लागते का साहेब?" मी नको म्हणालो. त्यांचे पैसे वाचवावेत असं तेव्हा मला वाटलं होतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो. खरं हे की खुबा बसला होता, मी दमलो होतो, आणि माझ्या दृष्टीने काम संपलं होतं.

त्या पहाटे मला काय दिसायला हवं होतं, ते सांगतो. खुबा म्हणजे खोल वाटी आणि तिच्यात फिरणारा चेंडू. वाटीच्या काठाला कूर्चेची एक कडा असते, तिला लेब्रम म्हणतात. चेंडू मागे निसटतो तेव्हा तो काठ तोडत बाहेर पडतो. आपण त्याला परत आत ओढतो तेव्हा काठाचे तुटलेले कण त्याच्याबरोबर वाटीत जाऊ शकतात. कण आत अडकले की चेंडू पूर्ण खाली बसत नाही, केसभर वर तरंगतो. एक्स-रेवर त्याची खूण एवढीच असते की चेंडू आणि वाटी यांच्यामधली फट चांगल्या बाजूपेक्षा दोन-तीन मिलिमीटर जास्त दिसते. ती पाहण्यासाठीच दोन्ही खुबे एका फिल्मवर घ्यायचे. आणि फिल्म कितीही चांगली दिसली तरी बसवलेल्या खुब्याचा सीटी करायचाच, कारण बारीक कण साध्या फिल्मवर लपतात. एम.एस.च्या तोंडी परीक्षेत मला हाच प्रश्न आला होता आणि मी बरोबर उत्तर दिलं होतं.

जुलैत रोवणी सुरू झाली आणि तो परत आला.

"साहेब, बांधीत वाकलो का जांगेत कच्चकन अटकते. मंग पाय हलवू-हलवू मोकरा करा लागते."

सांधा मध्येच अडकतो आणि हलवल्यावर सुटतो, हे रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की आत काहीतरी सुटं फिरतंय हे जवळपास ठरल्यातच जमा असतं. गुडघ्याच्या रुग्णाने असं सांगितलं असतं तर मी लगेच ओळखलं असतं. खुब्याच्या बाबतीत मी म्हणालो, "मुका मार लागला होता, सहा-आठ महिने दुखणारच." गोळ्या लिहून दिल्या. त्या दिवशी ओपीडीत गर्दी होती, हे खरं आहे. पण गर्दी नसती तरी मी वेगळं काही केलं असतं, असं आज छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आपण बसवलेल्या खुब्यात काही बिघाड असेल, हे माझ्या मनाला नको होतं.

सप्टेंबरात तो काठी टेकत आला. तेव्हा सीटी केला. वाटीत तीन तुकडे होते. सर्वांत मोठा लाखोळीच्या दाण्याएवढा, बाकीचे दोन तुरीच्या डाळीहून लहान. त्या रात्री जानेवारीतली फिल्म शोधून काढली, पेटीवर लावली आणि पट्टीने मोजली. उजव्या खुब्यातली फट डाव्यापेक्षा तीन मिलिमीटर जास्त होती. पहिल्या दिवसापासून ती तिथेच होती.

नागपूरला माझा एक वर्गमित्र दुर्बिणीतून सांध्यांच्या शस्त्रक्रिया करतो. त्याच्याकडे मुलाला घेऊन गेलो आणि स्वतः ऑपरेशनला उभा राहिलो. गुडघ्यात दुर्बीण घालणं आता जिल्ह्याच्या ठिकाणीही रोजचं झालं आहे, खुब्याचं तसं नाही. खुबा खोल, चहूबाजूंनी जाड स्नायू, आणि चेंडू वाटीत इतका घट्ट की मध्ये सुई जायलाही जागा नसते. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ साली मृतदेहांच्या सांध्यांत दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा चेंडू आणि वाटी यांच्यामध्ये शिरता येत नाही, असंच त्यांनी नोंदवलं होतं. जपानच्या केंजी ताकागी यांनी १९३९ साली जिवंत रुग्णांच्या खुब्यातले पहिले अनुभव लिहिले. ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने रुळायला त्यानंतर आणखी चार-पाच दशकं जावी लागली.

भूल दिल्यावर मुलाचे दोन्ही पाय ताण देणाऱ्या टेबलाच्या बुटांत बांधले, मांड्यांच्या मध्ये जाड गादीचा खांब बसवला. मित्र एकेक आटा फिरवत गेला आणि सी-आर्म या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर चेंडू वाटीपासून हळूहळू सुटताना दिसला. साधारण एक सेंटिमीटर, तेवढीच जागा मिळते. त्या खांबाच्या दाबाने जांघेतल्या नसा बधिर होतात, म्हणून हा ताण दोन तासांच्या पलीकडे ठेवायचा नसतो. त्याची वेळ फळ्यावर लिहून ठेवतात. वाटीचं फ्रॅक्चर ताजं असेल तर आत सोडलेलं सलाइन त्या भेगेतून पोटात उतरतं, आणि त्यापायी रुग्णाचं हृदय बंद पडल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. आमच्या रुग्णाला आठ महिने होऊन गेले होते, तरी भूलतज्ज्ञ बाई दर थोड्या वेळाने चादरीखाली हात घालून त्याचं पोट चाचपत होत्या. त्यांचा तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यांना काही सापडणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत असावं. तरी त्या पाहत होत्या.

७० अंशांच्या तिरक्या दुर्बिणीतून वाटी उजळली. तुकडे तळाशी, चरबीच्या गादीजवळ पडलेले. मित्राने चिमट्याने मोठा तुकडा पकडला, तो छेदातून बाहेर येईना म्हणून आतच मोडून दोन भागांत काढला. माझ्या तळहातावर ठेवला. मी तो पाहत होतो तेवढ्यात मित्र म्हणाला, "इकडे बघ." पडद्यावर चेंडूचा पृष्ठभाग होता. निरोगी कूर्चा पांढरीशुभ्र, ओल्या चिनीमातीसारखी गुळगुळीत असते. इथे तिच्यावर नांगराच्या तासांसारख्या तीन रेघा उमटल्या होत्या. आठ महिने तो मुलगा चालला, उठला, बसला, रोवणीत वाकला, आणि प्रत्येक वेळी ते कण कूर्चा खरवडत राहिले. कूर्चा पुन्हा उगवत नाही.

अडकणं थांबलं. मुलगा खूश झाला. दिवाळीनंतर नवं धान निघाल्यावर तो एचएमटी तांदळाचं पोतं घेऊन आला. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शोधलेला हा वाण, आमच्या भागात पाहुण्याला द्यायचा तांदूळ. मी तो घेतला. तुकडे निघाले, फार छान झालं, एवढंच त्याला सांगितलं. ते जानेवारीपासून आत होते आणि मला दिसायला हवे होते, हे सांगितलं नाही. फट न पाहणं हे माझं दुर्लक्ष होतं. ते पोतं घेताना गप्प राहणं मात्र मी ठरवून केलं, आणि आज दोन्हींत जड मला तेच वाटतं.

सात वर्षांनी त्याचा खुबा झिजला आणि तिशीतच कृत्रिम सांधा बसवावा लागला. तेव्हा त्याला समोर बसवून जुनी फिल्म दाखवली आणि सगळं सांगितलं. तो बराच वेळ फिल्मकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तवाच सांगतलं असतं तं मी एवढी मेहनतीची कामं केली नसती साहेब." यावर मला बोलता आलं नाही.

हा धडा मी घेतला, पण उलटा घेतला. ही दुसरी गोष्ट सांगितली नाही तर पहिली सांगण्यात अर्थ नाही.

त्या प्रकरणानंतर हाडाचा सुटा तुकडा माझ्या डोक्यात बसला. खुब्याचा प्रत्येक मार सीटीला जाऊ लागला, ते योग्यच होतं. मी खुब्याच्या दुर्बिणीचं प्रशिक्षण घेतलं, मृतदेहावर सराव केला, मित्राच्या हाताखाली ऑपरेशनं केली. फिल्म हातात आली की माझे डोळे आधी वाटीच्या काठावर जाऊन तुकडा शोधत. तुकडा दिसला की मला वाटे, यावेळी मी चुकलो नाही, पाहिलं.

मग ती मुलगी आली. धानोरा तालुक्यातली, एकोणीस वर्षांची. आमच्याकडे पहाटे कुठल्याही रस्त्याने जा, कडेने मुलं-मुली धावताना दिसतात. पोलीस भरतीला मुलींसाठी ८०० मीटर, वनरक्षकाला ३ किलोमीटर. ज्या गावात दुसरी नोकरी नाही तिथे या धावण्यावर घराचं सगळं गणित असतं. तिला वर्षभर उजव्या जांघेत दुखत होतं. गावात कुणी उसण भरली म्हणून चोळून दिलं, कुणी नस दबली म्हणून सांगितलं.

आमच्या दोन्ही जिल्ह्यांत तरुण माणसाचा खुबा दुखला की पहिला विचार सिकलसेलचा करावा लागतो. या आजारात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्या तुंबतात आणि मांडीच्या हाडाचं डोकं रक्ताविना मरतं. विशीतल्या मुलामुलींचे असे खचलेले खुबे मी पुष्कळ पाहिले आहेत. केंद्र सरकारने २०२३ च्या जुलैत सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, पण आम्हाला हा आजार त्याच्या कितीतरी आधीपासून ओपीडीत रोज भेटतो. तिची तपासणी केली. ती वाहकसुद्धा निघाली नाही. एमआरआयमध्ये चेंडू जिवंत आणि गोल होता. मला हायसं वाटलं. मोठं संकट टळलं, असं मनाने घेतलं, आणि माझं बघणं तिथेच सैल झालं.

कारण फिल्मवर तुकडा होता. वाटीच्या वरच्या काठाला, बाहेरच्या बाजूला, नऊ-दहा मिलिमीटरचा, गोलसर कडांचा हाडाचा तुकडा. याला ऑस अ‍ॅसिटाब्युली म्हणतात. असा तुकडा तिथे का असतो, याला वेगवेगळी कारणं आहेत. वाढत्या वयात काठाच्या हाडाचं एक छोटं केंद्र असतं, ते मुख्य हाडाला जुळायचं राहून जातं. काहींच्या खुब्यात हाड हाडावर घासतं आणि त्या धडकेने काठ पिचतो. हे घासण्याचं दुखणं स्वित्झर्लंडच्या राइनहोल्ड गांझ यांनी २००३ साली नीट मांडून दाखवलं. आणि काहींची वाटी जन्मतःच उथळ असते. तिथे सगळा भार काठाच्या अरुंद पट्टीवर येतो आणि ती पट्टी थकून सुटते. शिवाय कितीतरी जणांच्या फिल्मवर असा तुकडा असतो आणि त्यांना आयुष्यभर काही दुखत नाही. म्हणजे तुकडा दिसला की तो का आहे, हा प्रश्न पहिला. मी तो विचारलाच नाही.

आठवड्यात नागपूरला तारीख ठरली. मित्राच्या थिएटरमध्ये, पण यावेळी दुर्बीण माझ्या हातात. हात धूत असताना मित्राने विचारलं, "कोन मोजलास?" मी म्हणालो, "नॉर्मल आहे."

मोजला नव्हता. फिल्म पाहून तसं वाटलं होतं. हे दोन शब्द मी आजवर बोललेल्या सगळ्या खोट्यांत सर्वांत महाग पडलेले आहेत, आणि त्याची किंमत मी मोजली नाही.

हा कोन स्वीडनच्या गुन्नार विबर्ग यांनी १९३९ साली मांडला. चेंडूच्या मध्यातून एक रेघ सरळ वर, दुसरी वाटीच्या बाहेरच्या काठापर्यंत. दोन्हींमधला कोन म्हणजे चेंडूवर किती छत आहे त्याचं माप. २५ अंशांच्या वर असेल तर निरोगी, २० च्या खाली असेल तर वाटी उथळ. पट्टी, पेन्सिल आणि दोन मिनिटं लागतात. तिचा कोन मी नंतर मोजला. तुकडा धरून २४ अंश, तुकडा वगळून १६.

ऑपरेशन नेटकं झालं. तुकडा सुटा केला, त्याच्या कडेचं लेब्रम फाटलं होतं ते शिवलं, तुकडा गिरमिटाने बारीक करून काढला. लहान छेद, रक्त नाही, दुसऱ्या दिवशी कुबड्यांवर चालली. सहा आठवडे सगळं उत्तम. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "दुखत नाई साहेब आता तेवढं, पण पाय माहा नाई असं वाटते. धावलं का खुबा सरकल्यावानी वाटते." मी तिला आणखी दोन महिने व्यायाम दिले. रोवणीच्या वेळी त्या मुलाला गोळ्या देऊन परत पाठवलं होतं, तसंच. रुग्ण नेमके शब्द सांगत असताना दुसऱ्यांदा मी ते ऐकले नाहीत.

पाचव्या महिन्यात ती लंगडत आली तेव्हा फिल्म काढली. चेंडू बाहेरच्या बाजूला सरकला होता. मांडीच्या हाडाची आतली कड आणि कमरेच्या हाडाची कड मिळून एक अखंड कमान होते, तिला शेंटनची रेषा म्हणतात. ती मोडली होती. फिल्म मुंबईच्या एका ज्येष्ठ सर्जनांकडे पाठवली. त्यांचा संध्याकाळी फोन आला. रागावले नाहीत. म्हणाले, "वाटी उथळ होती. उरलंसुरलं छत म्हणजे तोच तुकडा होता. तो स्क्रूने बसवायचा होता किंवा आधी वाटी फिरवायची होती."

यावेळी गप्प राहायचं नाही, एवढं ठरवून तिच्या गावी गेलो. वैनगंगा ओलांडून, मग जंगलातून. मोहाचे दिवस होते, झाडांखालची जमीन झाडून ठेवलेली, टोपल्या भरलेल्या. अंगणात बाज टाकली. तिच्या आईने कोरा चहा आणला. गाडीत मी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हणालो, "भाऊ, ऑपरेशन करताना चूक झाली नाही. ते करायचं ठरवलं तीच चूक झाली. आणि ते मी ठरवलं. एक माप घ्यायचं होतं, ते मी घेतलं नाही."

वडील जमिनीकडे पाहत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मंग तो हाडाचा तुकडा वापस बसवता येते का?"

"नाही. तो राहिला नाही."

"मंग आता काय करा लागते ते सांगा."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचा एकच प्रश्न होता. "पुढची भरती निघंल तवरी होईल का?" नाही होणार, असं मी सांगितलं. ती आत निघून गेली. त्या दिवशी ती पुन्हा बाहेर आली नाही.

वाटी फिरवण्याची शस्त्रक्रिया गांझ यांनीच १९८४ साली बर्नमध्ये पहिल्यांदा केली. वाटीच्या भोवतीचं कमरेचं हाड कापून वाटी मोकळी करायची, चेंडूवर नीट छत येईल अशी वळवायची आणि स्क्रूने पक्की करायची. मागचा खांब शाबूत ठेवायचा म्हणजे कंबर खिळखिळी होत नाही. दुर्बिणीच्या दोन छिद्रांपुढे हे फार मोठं ऑपरेशन आहे. ते मुंबईला झालं. खर्च मी केला, तो करणं मला भागच होतं. दोन महिने तिने पायावर भार टाकला नाही, कुबड्या सुटायला चौथा महिना लागला. आधीच तिला हे एक ऑपरेशन सांगितलं असतं, तर कदाचित तेवढंच पुरलं असतं.

आज ती दुखण्याशिवाय चालते, सायकल चालवते, मांडी घालून बसते. धावत नाही. वनरक्षकाच्या दोन भरत्या तिच्या डोळ्यांदेखत गेल्या. तालुक्याच्या गावी तिचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. भरतीची जाहिरात निघाली की पोरापोरींची रांग तिच्या दुकानाबाहेर लागते आणि ती प्रत्येकाचा अर्ज भरून देते. मी वर्षातून एकदा तिची फिल्म काढायला बोलावतो. ती येते. माझ्याशी मोजकं बोलते, आणि ते मला योग्य वाटतं.

हे लिहिण्याआधी मी दोघांनाही विचारलं. मुलगा लगेच हो म्हणाला. तिने दोन दिवस घेतले आणि कळवलं, "लिहा, पण जे झालं तेच लिहा." तेच लिहिलं आहे.

तालुक्याच्या दवाखान्यांत रात्री-अपरात्री खुबे बसवणारे माझे तरुण मित्र आहेत, त्यांना एवढंच सांगतो. खुबा बसल्याचा आवाज ऐकून नातेवाइकांकडे जाऊ नका. दोन्ही खुबे एका फिल्मवर घ्या, पट्टी हातात घ्या, फट मोजा, आणि फिल्म चांगली दिसली तरी सीटीला पाठवा, मग त्यासाठी चंद्रपूर किंवा नागपूर गाठावं लागलं तरी चालेल. आणि ज्यांच्या घरात कुणाला वाटीच्या काठाला तुकडा आहे, दुर्बिणीतून काढून टाकू, असं सांगितलं गेलं असेल, त्यांनी भिऊ नये. सांध्यात सुटा पडलेला तुकडा काढावाच लागतो, लवकर काढावा लागतो, आणि दुर्बिणीने तो फार चांगला निघतो. पण तुकडा काठाला असेल तर सही करण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा, की हा काढल्यावर चेंडूवर छत किती अंश उरेल. आकडा सांगितला, तर तो कसा मोजला ते फिल्मवर दाखवायला सांगा.